भिंतीपाशी वळताना

निघोजे हे खेड तालुक्यातील इंद्रायणीकाठचे गाव. आता चाकणच्या कारखान्यांच्या शेजारचे. अशा गावांतील कित्येक मुले पाठीला भोपळा किंवा पत्र्याचा डबा बांधून विहिरीत पोहायला शिकली. अशा मुलांचा दम चांगला असतो. पण तलावातल्या शर्यतीत ती भिंतीपाशी मागे पडू शकतात. विहिरीत गोल वळसा घालून चालते. शर्यतीत मात्र भिंतीला स्पर्श करून उलट निघावे लागते.

ब्रेस्टस्ट्रोक आणि बटरफ्लाय या प्रकारांत दोन्ही हात एकाच वेळी भिंतीला लागले पाहिजेत, असा आंतरराष्ट्रीय नियम आहे. फ्रीस्टाइलमध्ये शरीराचा कोणताही भाग लागला तरी चालतो, म्हणून तेथे कोलांटी घेता येते. हातांनी स्पर्श करून घेतलेल्या वळणाला ‘ओपन टर्न’ म्हणतात. २५ मीटरच्या तलावात १०० मीटर पोहताना अशी ३ वळणे येतात. प्रत्येक वळणात अर्धा सेकंद वाचला, तर एकूण दीड सेकंद वाचतो!

पहिली चूक स्पर्शाच्या वेळी होते. मुले कठडा धरून छातीपर्यंत वर येतात. पाण्यात असताना प्लावक बल आपले बहुतेक वजन पेलत असते. शरीर जितके बाहेर येईल, तितका भार हातांवर पडतो. म्हणून स्पर्श करावा, लोंबकळू नये. श्वासापुरते तोंड बाहेर आले की पुरे.

पुढचे काम फिरण्याचे. गुडघे पोटाशी घ्यावेत. एक हात लगेच सोडून कोपर पाण्याखालून बरगडीकडे न्यावे. दुसरा हात कानाजवळून मागे न्यावा. याचे कारण वर्गात दाखवता येईल. फिरत्या खुर्चीवर बसलेल्या मुलाने पसरलेले हात जवळ घेतले, की खुर्ची अधिक वेगाने फिरते. वस्तुमान अक्षाजवळ आले, की फिरणे सोपे होते.

शेवटी रेटा. न्यूटनच्या तिसऱ्या नियमानुसार आपण भिंतीला ढकलतो, भिंत आपल्याला. चाकांच्या खुर्चीवर बसून भिंतीला पाय लावून पाहा: पाय ताठ असतील तर रेटा देताच येत नाही, गुडघे वाकलेले हवेत. रेट्यानंतरचा वेग पोहण्याच्या वेगाहून अधिक असतो. पण पाण्याचा रोध साधारणपणे वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो: वेग दुप्पट, तर रोध चौपट. म्हणून दोन्ही हात डोक्यापुढे जुळवून शरीर बाणासारखे सरळ ठेवावे, आणि वेग पोहण्याच्या वेगाइतका उतरण्याच्या सुमारास हातपाय मारू लागावे.

हा सराव विहिरीत किंवा नदीत मुळीच करू देऊ नये. तेथील दगड निसरडे व ओबडधोबड असतात, खोलीचा अंदाज येत नाही. तलावात, प्रशिक्षकाच्या देखरेखीखालीच करावा. भिंतीच्या अलीकडे ५ मीटरवर खूण करून जाता-येतानाचा वेळ घड्याळाने मोजावा आणि आठवड्यांनुसार आलेख काढावा. आपली चूक कोठे होती, ते मुलेच आलेखावरून सांगू लागतील.