आरएक्स हंड्रेडची चाळीस वर्षं

नोव्हेंबर १९८५ मध्ये यामाहाची आरएक्स हंड्रेड आपल्याकडे विकायला आली आणि मार्च १९९६ मध्ये तिचं उत्पादन थांबलं. कारखान्यातून ती जेमतेम दहा वर्षं बाहेर पडत होती. बंद होऊन त्याच्या जवळजवळ तिप्पट काळ लोटला. तरी कोल्हापूर-सांगलीच्या पट्ट्यात ती अजून रस्त्यावर दिसते, आणि ज्याच्या दारात ती उभी आहे त्याला घरचे-बाहेरचे सगळे एकच विचारतात : अजून किती दिवस ठेवणार, नवी घेऊन टाका की!

आमच्या घरात हा विषय गेली पस्तीसेक वर्षं अधूनमधून निघतो. वडिलांनी घेतलेली आरएक्स आज माझ्याकडे आहे आणि तिच्या शेजारी एक नवी, इंजेक्शनवाली गाडीही आहे. या काळात ओळखीतल्या कितीतरी जणांनी आपली आरएक्स विकली, काहींनी ठेवली, काहींनी विकलेली पुन्हा शोधून आणली. गाडीवर जीव सगळ्यांचाच होता. टिकली ती मात्र जिथे मिस्त्री, लेथवाला आणि सुटे भाग विकणारा हे तिघे टिकले तिथेच. इतक्या वर्षांच्या या हिशेबात मला सर्वांत मोठी वाटते ती हीच गोष्ट.

आरएक्स येण्यापूर्वी ‘ठेवायची की विकायची’ असा प्रश्न फारसा नव्हताच. राजदूत, येझदी आणि बुलेट एवढीच मोटरसायकलींची मोठी नावं. चेतक स्कूटर हवी तर नंबर लावून वर्षानुवर्षं थांबायचं. नवी मिळतच नाही म्हटल्यावर आहे ती सांभाळणं भाग होतं. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला सरकारने १०० सीसीपर्यंतच्या गाड्यांसाठी जपानी कंपन्यांशी भागीदारीची वाट मोकळी केली. टीव्हीएसने सुझुकीशी, हीरोने होंडाशी, एस्कॉर्ट्सने यामाहाशी आणि आपल्या पुण्याच्या बजाजने कावासाकीशी भागीदारी केली आणि १९८४ ते १९८६ या दोन-अडीच वर्षांत चौघांच्या गाड्या रस्त्यावर आल्या. जुनी विकून नवी घेण्याची पहिली मोठी लाट आली ती तेव्हा. आमच्या वडिलांनी राजदूत विकली ती त्याच लाटेत. राजदूत मजबूत होती, खेड्यातल्या रस्त्यावर खड्ड्यांना जुमानत नव्हती, पण आरएक्सची एक चक्कर मारल्यावर त्यांनी मागे पाहिलं नाही. तेव्हा नवी खरोखरच सर्व बाजूंनी सरस होती, आणि त्या पिढीने ती घेतली हे योग्यच केलं असं माझं मत आहे.

काय होतं त्या गाडीत? ५० मिलिमीटर बोअर, ५० मिलिमीटर स्ट्रोक, म्हणजे ९८ सीसी. ताकद ११ अश्वशक्ती, वजन शंभर किलोच्या आसपास. टू-स्ट्रोक इंजिनात क्रँकच्या प्रत्येक फेऱ्याला एक स्फोट होतो, फोर-स्ट्रोकमध्ये दोन फेऱ्यांना एक. त्यामुळे एवढ्याशा इंजिनातून एवढी ओढ निघायची. डबलसीट आंबा घाट चढताना तिसऱ्या गिअरवर ती जशी चढायची, तशी त्या काळातली दुसरी शंभरची गाडी चढलेली मी पाहिली नाही. आणि तिचा आवाज! चढा, कोरडा, सायलेन्सरच्या लांब पोकळीतून घुमून येणारा. गल्लीच्या तोंडाशी गाडी आली की घरात कळायचं.

हीरो होंडाची सीडी हंड्रेड तिच्या अगदी उलट स्वभावाची. फोर-स्ट्रोक, संथ, लिटरला आरएक्सच्या जवळजवळ दुप्पट चालणारी. दूधवाले, शिक्षक, विम्याचे एजंट तिच्याकडे वळले, आणि पैशाचा हिशेब करणाऱ्या घरात तोच निर्णय शहाणपणाचा होता. १९९४ मध्ये स्प्लेंडर आल्यावर तर तो हिशेब निकालीच निघाला.

आरएक्स बंद पडली ती तिच्या धुरामुळे. ज्या रचनेमुळे तिला ओढ होती त्याच रचनेत दोषही होता. टू-स्ट्रोकमध्ये जळालेला वायू बाहेर जायचं दार आणि ताजं पेट्रोल-हवेचं मिश्रण आत यायचं दार काही क्षण एकाच वेळी उघडी असतात, म्हणून थोडं न जळलेलं पेट्रोल तसंच सायलेन्सरमधून निघून जातं. शिवाय इंजिनाचं तेल पेट्रोलबरोबर जळतं. दुचाकींच्या धुरावर देशात पहिली मर्यादा १९९१ मध्ये आली, १९९६ मध्ये ती कडक झाली, २००० मध्ये आणखी. आरएक्सची पुढची भावंडं, आरएक्स १३५ वगैरे, २००५ पर्यंत तग धरून होती. मग तीही संपली. आरएक्सवर माझं प्रेम आहे, पण हा निर्णय चुकीचा होता असं मला कधीच वाटलं नाही. सिग्नलला शंभर टू-स्ट्रोक गाड्या आणि तेवढ्याच रिक्षा उभ्या असताना पुण्यात श्वास घेतलेल्या माणसाला ते पटवून द्यावं लागत नाही.

उत्पादन थांबल्यानंतरची दहा-बारा वर्षं आरएक्ससाठी पडतीची. २००१ मध्ये चाकणहून बजाजची पल्सर आली आणि कॉलेजच्या पोरांची नजर तिकडे वळली. आरएक्स मातीमोल भावाने जाऊ लागल्या. कोणी उसाच्या रानात नेली, कोणी भंगारात घातली. आमच्या ओळखीतल्या बहुतेक गाड्या याच काळात गेल्या.

ज्यांच्या उरल्या त्यांच्या का उरल्या, हे नीट सांगायला हवं. टू-स्ट्रोक इंजिनात फोर-स्ट्रोकसारखे व्हॉल्व्ह नाहीत, कॅम नाही, टायमिंग चेन नाही. हेड, ब्लॉक, पिस्टन, क्रँक एवढ्यात मामला संपतो. चांगला मिस्त्री दुपारपर्यंत हाफ इंजिन उतरवतो. सिलिंडर झिजला की तो लेथवर बोअर करायचा आणि एक साइझ मोठा पिस्टन घालायचा. पाव मिलिमीटर, अर्धा, मग शेवटी एक मिलिमीटर. त्यापुढे बोअर नाही. मग ब्लॉकला स्लीव्ह बसवायची किंवा दुसरा ब्लॉक शोधायचा. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात हे काम करणारे हात होते. साखर कारखान्यांचे, तेल इंजिनांचे भाग घडवलेले कारागीर. त्यांना पन्नास मिलिमीटरचा सिलिंडर म्हणजे किरकोळ काम. सुट्या भागांसाठी पुण्याची नाना पेठ होती, आणि तिथेही न मिळालेला भाग रविवारी जुना बाजार पालथा घालून शोधायचा. ज्या गावांना असा शेजार होता तिथे गाड्या राहिल्या. विदर्भातल्या एका तालुक्याच्या ठिकाणी असलेल्या माझ्या चुलतभावाने मात्र आपली गाडी विकली, कारण क्रँकचं बेअरिंग बदलणारा माणूस त्याला आसपास कुठेच मिळेना. गाडीवर त्याचं माझ्याइतकंच प्रेम होतं.

तेलाच्या पंपाचंही असंच. आरएक्सला टू-टी तेलाची वेगळी टाकी असते आणि ॲक्सिलरेटर जेवढा पिळाल त्या प्रमाणात तेल सोडणारा पंप. तो बिघडला की पुष्कळ ठिकाणी काढून टाकतात आणि तेल सरळ पेट्रोलमध्ये मिसळतात. ही घाईची दुरुस्ती आहे. मग सिग्नलला उभं असतानाही पेट्रोलमध्ये पूर्ण वेगाएवढ्याच प्रमाणात तेल जळतं, धूर वाढतो, प्लग काळा पडतो, सायलेन्सर चोकअप होतो. पंप दुरुस्त करून देणारा मिस्त्री मिळाला तर त्याला धरून राहावं आणि पैशाची घासाघीस करू नये, असं मी प्रत्येक नव्या मालकाला सांगतो.

२०१० नंतर वारं फिरलं. पल्सरवर वाढलेली पोरं बापाची, काकाची आरएक्स शोधू लागली. चांगली केलेली गाडी लाखाच्या पुढे जाऊ लागली. एके काळी भंगारात गेलेल्या इंजिनांचे सुटे तुकडे शोधून त्यांचे वेगळे भाव ठरू लागले. या काळाने आरएक्स वाचवली हे खरं, पण एक नुकसानही केलं. कर्कश सायलेन्सर लावून रात्री गल्ल्या उठवणं हेच काहींना आरएक्सचं प्रेम वाटू लागलं. तिचा मूळ आवाज ऐकलेल्या माणसाला याचा राग येतो. मूळ सायलेन्सर हा इंजिनाच्या गणिताचा भाग आहे. बाहेर निघालेल्या ताज्या मिश्रणापैकी काही तो दाबाच्या लाटेने परत सिलिंडरमध्ये ढकलतो. तो काढला की गाडीचा दमही जातो.

दरम्यान नव्या गाड्यांच्या बाजूने तर फार मोठी उडी पडली. २९ मार्च २०१७ ला सर्वोच्च न्यायालयाने १ एप्रिलपासून धुराच्या जुन्या, बीएस-३ मर्यादेतल्या गाड्या विकायला मनाई केली, तेव्हा देशात अशा आठ लाखांहून अधिक गाड्या शिल्लक होत्या आणि त्यातल्या बहुसंख्य दुचाकी. पुढचे दोन दिवस शोरूमबाहेर उडालेली झुंबड आठवत असेल. नवी गाडी स्वस्तात मिळाली म्हणून लोक खूश होते, पण घेतलं ते मागच्या पिढीचं तंत्र. खरा बदल १ एप्रिल २०२० ला बीएस-६ बरोबर आला. कार्बोरेटर जवळपास हद्दपार झाला, इंजेक्शन आलं, कानाने ट्यूनिंग करणाऱ्या मिस्त्रीच्या हाती स्कॅनर आला. त्याआधी वर्षभर, एप्रिल २०१९ पासून, १२५ सीसीवरच्या सर्व नव्या गाड्यांना एबीएस सक्तीचं झालं होतं.

मी नवी घेतली ती या एबीएससाठी. आरएक्सला पुढे-मागे ड्रम ब्रेक आहेत. ते १९८५ च्या रहदारीला पुरेसे होते. आज पुणे-बंगळूर महामार्गावर पुढचा कंटेनर अचानक थांबला, तर पावसात ड्रम ब्रेकवर विसंबणं मला मान्य नाही, आणि मुलीला तर मी त्यावर पाठवणारच नाही. रोज कामावर जायचं असेल, लांबचा पल्ला असेल, अंधारात यायचं असेल, तर नवीच घ्या. यात मला जराही दुमत नाही. धुराच्या बाजूनेही तेच. रोज साठ किलोमीटर टू-स्ट्रोक चालवण्याचं समर्थन आता होऊ शकत नाही.

जुनी ठेवायची तर तिच्यापुढे आता वेगळ्या अडचणी आहेत. पंपावर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल आहे. इथेनॉलमध्ये ऑक्सिजन असतो, त्यामुळे जुन्या कार्बोरेटरचं मिश्रण पातळ पडतं. टू-स्ट्रोकमध्ये मिश्रण पातळ म्हणजे पिस्टन तापणं, आणि पिस्टन तापला की गाडी सीज. मेन जेट एक नंबर मोठा टाकून हे सावरता येतं. इथेनॉल हवेतलं पाणीही ओढून घेतं, म्हणून महिनोन् महिने उभ्या असलेल्या गाडीची टाकी आतून गंजते आणि रबरी नळ्या कडक होऊन तडकतात. टाकी भरून ठेवून गाडी झाकून टाकणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं. तिला आठवड्याला दहा-पंधरा किलोमीटर तरी फिरवायला हवं.

कागदपत्रांचं ओझंही वाढलं. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नोंदणीचं नूतनीकरण, त्यात आपल्या राज्याचा पर्यावरण कर, नवी नंबरप्लेट. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राने वीस वर्षांवरच्या मोटरसायकलचं नूतनीकरण शुल्क २,००० रुपये केलं आणि पुढच्याच महिन्यात ३५० सीसीपर्यंतच्या नव्या गाडीवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आणला. सरकारला काय हवं आहे हे यातून स्वच्छ दिसतं. तरी दिल्लीत पंधरा वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवर सरसकट बंदीचा जो मार्ग धरला गेला, तो आपल्याकडे येऊ नये असं मला मनापासून वाटतं. नीट बोअर केलेली, पंप चालू असलेली, महिन्यातून शंभर-दीडशे किलोमीटर धावणारी आरएक्स आणि प्लग न बदलता रोज धूर ओकत जाणारी आठ वर्षांची गाडी यांत फरक करायचा, तर धूर मोजावा लागेल. त्याची यंत्रणा पीयूसीच्या रूपात आहेच. ती प्रामाणिकपणे राबवली की पुरे.

२०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार पन्नास वर्षं पूर्ण झालेली, मूळ स्थितीतली गाडी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येते. पहिल्या आरएक्स त्या वयाला २०३५ मध्ये पोहोचतील. पण त्या नोंदणीची गाडी नेहमीच्या वापरासाठी चालवता येत नाही. प्रदर्शनाला न्यायची, फेरीला काढायची. मला आमची गाडी त्या यादीत घालायची नाही. माझ्या मिस्त्रीचा मुलगा सध्या बीएस-६ गाड्यांचं काम शिकतो आहे, आणि दर शनिवारी बापाबरोबर बसून क्रँक उघडायलाही. तो शिकेपर्यंत आमच्यासारख्यांच्या चार गाड्या त्या गॅरेजमध्ये येत राहायला हव्यात, म्हणून मी बारीकसारीक कामालाही तिथेच जातो.