विजापूर रोडवर पाऊस

पहाटेचे साडेपाच. सोलापुरात पार्क मैदानाजवळ दुकानांच्या पत्र्याखाली आम्ही शंभरेक जण अंग चोरून उभे आहोत. रात्री सुरू झालेला पाऊस अजून थांबायचं नाव घेत नाही. छातीवरचा बिब चार पिनांनी लावलाय, तो आत्ताच भिजून पोटाला चिकटलाय. कचऱ्याच्या काळ्या पिशवीला तीन भोकं पाडून ती मी वरून घातली आहे. शेजारी एसटीतून निवृत्त झालेले एक मामा बुटांच्या नाड्यांना दुहेरी गाठ मारतायत. "ओली नाडी वाटेत सुटली की बोटं ऐकत नाहीत ओ ताई," ते सांगतात. मीही वाकून दुसरी गाठ मारते.

शर्यत 21 किलोमीटरची. इथून सात रस्ता, मग विजापूर रोडने संभाजी तलाव, सैफुल, सोरेगावच्या पुढे वळायचं आणि आल्या वाटेने परत.

शिट्टी होते. पाण्यात एकदम शेकडो पावलं पडतात आणि पहिले दोन किलोमीटर फक्त तोच आवाज असतो, धुणं आपटल्यासारखा. डबकी चुकवायचा प्रयत्न सगळेच करतात आणि पहिल्याच मोठ्या डबक्यात सगळेच सोडून देतात. एकदा मोजे भिजले की मोकळं वाटतं. जपायचं ते पांढऱ्या पट्ट्यांपासून. रंगावर पाय पडला की साबणावर पडल्यासारखा सरकतो. गटाराची झाकणंही तशीच. मी पुढच्याच्या टाचांवर नजर ठेवते. तो जिथून वळतो तिथून वळते.

आम्हा सोलापूरकरांचा सगळा सराव उन्हाचा. मे महिन्यात पारा त्रेचाळीसच्या वर जातो, म्हणून पहाटे चारला बाहेर पडायचं, मीठ-साखरेचं पाणी जवळ ठेवायचं, सातच्या आत घरी. वर्षाकाठी साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणारा हा जिल्हा. पावसाला वाईट म्हणायला इथे कुणाचीच जीभ रेटत नाही, माझीही नाही. पण परतीचा पाऊस वेगळा. 2020 च्या ऑक्टोबरमध्ये बंगालच्या उपसागरातलं वादळी पाणी तेलंगणा ओलांडून असंच आमच्यावर आलं आणि ओढे घरांत शिरले. आजही रानात काढणीला आलेलं सोयाबीन उभं असेल. हे मनात येतं आणि पाय क्षणभर जड होतात.

संभाजी तलाव येतो. जुनी माणसं अजून कंबर तलावच म्हणतात. आता उजाडलंय, पण पाणी कुठे संपतं आणि आभाळ कुठे सुरू होतं ते कळत नाही. काठावर छत्री धरून एक आजी उभ्या आहेत, नऊवारी गुडघ्यापर्यंत खोचलेली. "ओड्री, ओड्री!" त्या कानडीत ओरडतात, पळा म्हणून. पुढच्या कोपऱ्यावर पोरांचं टोळकं: "पळा की ओ अक्का, थांबू नका!" मी हात वर करते.

सैफुलच्या पुढे घरं विरळ होतात आणि वारा समोरून अंगावर येतो. पाऊस आता आडवा आहे, खड्यासारखा तोंडावर लागतो. चष्मा काढून मुठीत धरते. सोरेगावपाशी एक ट्रक बाजूने जातो आणि त्याच्या चाकांचा फवारा चुकवायला मी डांबर सोडून कडेला उतरते. चूक होते. ही काळी माती. पाच पावलांत ती बुटाला धरते, दहा पावलांत बुटाखाली दुसरा बूट तयार होतो. पुन्हा डांबरावर येऊन टाच आपटते, तरी ती सुटत नाही. शेवटी थांबून गाडीच्या चावीने खरवडते. लोण्यासारखा गोळा निघतो, त्यात गवताची काडी आणि एक बारीक शिंपला. हीच माती पावसाचं पाणी धरून ठेवते म्हणून रब्बीत इथे ज्वारी होते.

वळण घेते. वारा पाठीला लागतो आणि अचानक उकडायला लागतं. पिशवी काढून कमरेला बांधते. पळणाऱ्याला थंडी वाजत नाही, इंजिन चालू असतं. थंडी वाजते ती उभ्या असलेल्याला.

ते दिसतं परतीच्या वाटेवर, पाण्याच्या टेबलापाशी. जातानाही ही मुलगी इथेच होती. बारावीतली असेल. आयोजकांचा टी-शर्ट अंगाला चिकटलाय, ओठ जांभळे पडलेत. दोन्ही हातांत दोन पेले पुढे धरलेत आणि पेल्यांतलं पाणी थरथरतंय. मला तहान नाही. पावसात तहान कळतच नाही, घाम मात्र जातच असतो. मी पेला घेते, पिते आणि थांबते.

"किती वेळ उभी आहेस?"

"पाचपासून, काकू. अजून मागे लोक आहेत ना."

मला एक बातमी आठवते. 2021 च्या मे महिन्यात चीनमधल्या गान्सू प्रांतात डोंगरातल्या शंभर किलोमीटरच्या शर्यतीत गारा आणि वाऱ्याने 21 धावपटू गारठून मेले. त्या दिवशी सहा जणांना वाचवलं ते चू कमिंग नावाच्या एका मेंढपाळाने. गुहेत नेलं, शेकोटी पेटवली, दुलया पांघरल्या. इथे सोलापुरात थंडी काही त्या थराला जात नाही, पण ओलं अंग आणि वारा यांचा हिशेब सगळीकडे एकच. मी कमरेची पिशवी सोडून तिच्या डोक्यातून घालते. ती आधी नको म्हणते, मग भोकांतून हात बाहेर काढते आणि लगेच पुढचा पेला उचलते. माझ्या मागून मामा आलेत. ते आपली टोपी तिच्या डोक्यावर ठेवतात आणि न बोलता पुढे जातात.

शेवटचे पाच किलोमीटर मांड्यांत गोळे येतायत. ओल्या मोज्याने टाच सोलली आहे, प्रत्येक पावलाला चुरचुरते. मामांची पाठ पुढे दिसते आणि मी तिला सोडत नाही. सात रस्त्याला सिग्नल चालू आहे, लाल होतो, हिरवा होतो, कुणी बघत नाही. मग कमान. गळ्यात पदक पडतं, हातात केळं येतं.

आणि चार मिनिटांत थंडी मला गाठते. आधी खांदे, मग जबडा. दात वाजतायत, केळ्याची साल सुटत नाही. कुणीतरी मागून सोलापुरी चादर टाकतं, जाड, घरातल्या कपाटाच्या वासाची. टी-शर्ट बदलायला बिब काढायला हवा आणि पिना उघडत नाहीत. बोटं पांढरी, सुरकुतलेली, त्यांना पिनच कळत नाही.

बंदोबस्तावरची महिला होमगार्ड बघते. काठी काखेत धरते, जवळ येते. "थांबा की ओ ताई, फाडाल कपडा." तीही पहाटेपासून पावसातच आहे, हात तिचेही गार आहेत, पण हलतायत. वरच्या दोन पिना काढून ती आपल्या ओठांत धरते. तिसरी वाकलेली आहे, तिला नख लावावं लागतं. चौथीला जरा वेळ लागतो.