शिडाच्या नौकेची निगा (लेखांक ८) : अडकलेला फर्लर

पुढचे शीड, म्हणजे जिब किंवा जेनोआ, फोरस्टेभोवती गुंडाळून ठेवणाऱ्या यंत्रणेला फर्लर म्हणतात. फोरस्टे ही डोलकाठीच्या वरच्या भागापासून नाळेपर्यंत ताणलेली पोलादी तार. डोलकाठी मागे कलंडू न देण्याचे काम तिचेच. या तारेवर अॅल्युमिनियमची लांब पोकळ नळी चढवलेली असते, तिला फॉइल म्हणतात. सुमारे दोन-दोन मीटरचे तुकडे एकमेकांना जोडून ती तयार होते आणि तिच्या खाचेत शिडाची पुढची कड बसते. तळाशी दोरी गुंडाळणारा ड्रम असतो. वरच्या टोकाजवळ स्विव्हल असते. स्विव्हलचा शिडाला बांधलेला भाग फॉइलबरोबर फिरतो. शीड वर चढवणारी दोरी, म्हणजे हॅलियार्ड, ज्या भागाला बांधलेली असते तो मात्र स्थिर राहतो. ड्रमची दोरी ओढली की फॉइल फिरते आणि शीड तिच्याभोवती गुंडाळले जाते.

दोष शोधणे

फर्लर अडकला की हात आपसूक दोरी ओढणाऱ्या विंचकडे जातो. बहुतेक मोठे नुकसान नेमके इथेच होते. विंचची ताकद माणसाच्या हातापेक्षा कितीतरी पट जास्त. वर काहीतरी अडलेले असताना त्या ताकदीने दोरी ओढली, तर फॉइलला पीळ बसतो, जोड फाटतात आणि आतल्या तारेलाही इजा होते. म्हणून पहिला नियम असा : दोरी हाताने येत नसेल, तर थांबून वर पाहावे.

वारा पडलेला असताना शीड पूर्ण उलगडून खाली उतरवावे आणि रिकामा ड्रम हाताने फिरवावा. तो सहज फिरला, तर दोष हॅलियार्डच्या मांडणीत किंवा दोरीत आहे. जड फिरला किंवा कुठेतरी अडखळला, तर बेअरिंग किंवा फॉइल तपासावी लागते. शीड खालीच येत नसेल, तर हॅलियार्ड बहुधा फॉइलभोवती गुंडाळलेली असते.

हॅलियार्डचा वेढा

हा सर्वांत वारंवार आढळणारा दोष. हॅलियार्ड फोरस्टेला जवळजवळ समांतर जात असेल, तर स्विव्हलचा स्थिर राहायचा भागही फॉइलबरोबर फिरू लागतो आणि दोरीचा वेढा पडतो. दुर्बिणीतून पाहिले, तर शेवटच्या हातभर अंतरात दोरी मळसूत्रासारखी दिसते. अशा वेळी फर्लरची दोरी सैल सोडून, शीड उलगडण्याच्या दिशेने हळूहळू फिरवत वेढा सोडवावा. तेवढ्याने सुटला नाही, तर दुसऱ्या हॅलियार्डच्या आधाराने माणूस वर पाठवावा लागतो.

पुन्हा वेढा पडू नये म्हणून हॅलियार्डचा फोरस्टेशी साधारण दहा अंशांचा कोन हवा. तो मिळत नसेल, तर डोलकाठीवर हॅलियार्डला मागे खेचून धरणारी कडी बसवतात. शीड आखूड असेल, तर त्याच्या माथ्याला तारेचा तुकडा जोडतात, म्हणजे स्विव्हल फॉइलच्या वरच्या टोकाजवळ पोहोचते.

बेअरिंग, दोरी आणि फॉइल

बेअरिंगचे दोन प्रकार असतात आणि त्यांची निगा परस्परविरोधी असते. उघड्या बेअरिंगमधील प्लास्टिकच्या गोळ्या गोड्या पाण्याने धुवाव्या लागतात. त्यांना ग्रीस लावले, तर त्यात मीठ आणि धूळ चिकटून लगदा होतो. बंद बेअरिंगमधील पोलादी गोळ्यांना ग्रीस लागतेच, आणि त्यांचे सील झिजले की बदलावे लागतात. बसवलेला प्रकार कोणता, हे निर्मात्याच्या पुस्तिकेतून पक्के केल्याशिवाय काहीही लावू नये.

ड्रमची दोरी काटकोनात आत यावी. शीड उलगडताना ती हातात किंचित ताणून धरावी, नाहीतर सैल वेटोळी एकमेकांखाली दबतात आणि पुढच्या वेळी ड्रम अडतो.

फॉइलच्या जोडांवर पांढरी भुकटी दिसली, तर ती झिजणाऱ्या अॅल्युमिनियमची खूण असते. खाऱ्या पाण्यात स्टेनलेस स्टीलचा स्क्रू अॅल्युमिनियमला टेकला की अॅल्युमिनियम खाल्ले जाते. म्हणून स्क्रू पुन्हा बसवताना मध्ये गंजरोधक लेप लावतात. वाकलेला तुकडा ठोकून सरळ करू नये, तो बदलावा. त्यासाठी फोरस्टे काढावी लागते. त्याआधी बॅकस्टेचा, म्हणजे डोलकाठीला मागून ताणून धरणाऱ्या तारेचा, ताण कमी करून, दुसरी मजबूत हॅलियार्ड नाळेवरच्या भक्कम कडीला ताणून डोलकाठीला आधार देणे अनिवार्य आहे.

दडलेली तार

फर्लरचा सर्वांत महत्त्वाचा भाग डोळ्यांना दिसतच नाही. फोरस्टेची तार बहुधा १९ पदरांची असते आणि तिचा पहिला पदर सहसा टोकाच्या जोडात शिरतो तिथेच तुटतो. सुती फडके तिथून फिरवले, तर तुटलेले टोक कापसाचा धागा ओढते. एक पदर तुटला तरी तार बदलायची, यात तडजोड नाही. दोन्ही टोकांना सर्व दिशांनी हलणारा टॉगल असल्याची खात्री करावी. तो नसला की वाऱ्याने शीड हलताना तार एकाच जागी वाकत राहते आणि थकते.

दुरुस्ती की बदल

बेअरिंग, सील, स्क्रू किंवा फॉइलचा एखादा तुकडा खराब असेल आणि सुटे भाग मिळत असतील, तर दुरुस्ती करावी. अनेक तुकडे वाकले असतील, ड्रमची बेअरिंग बसण्याची जागाच झिजली असेल किंवा भाग मिळत नसतील, तर पूर्ण फर्लर आणि तार एकत्र बदलणे शहाणपणाचे. नवा मागवताना फोरस्टेची एका पिनपासून दुसऱ्या पिनपर्यंतची लांबी, तारेचा आणि पिनांचा व्यास, तसेच शिडाच्या कडेच्या टेपची जाडी मोजून द्यावी. ड्रम आणि स्विव्हल जागा व्यापतात, त्यामुळे जुने शीड कधीकधी आखूड करावे लागते.

जोडणी झाल्यावर धक्क्याला बांधलेल्या नौकेवरच, वारा नसताना शीड तीन-चार वेळा गुंडाळून-उलगडून पाहावे आणि प्रत्येक वेळी नजर वर ठेवावी. कोकण आणि गोव्याच्या किनाऱ्यावर पावसाळ्यासाठी नौका उभी करताना गुंडाळलेले शीड फर्लरवर ठेवू नये. वादळी वाऱ्यात त्याची एक कड सुटली, तर शीड फाटते आणि फॉइलही हेलकावे खात वाकते. शीड उतरवावे, घडी घालून कोरड्या जागी ठेवावे आणि ड्रम व स्विव्हल गोड्या पाण्याने धुऊन ठेवावेत.