घोड्याविषयी बोलू या

विद्यार्थी मित्रांनो, परिपाठाच्या वेळी तुम्ही आपले राज्यगीत म्हणता. कवी राजा बढे यांच्या या गीताला २०२३ साली राज्यगीताचा मान मिळाला. त्यात भीमथडीच्या तट्टांचा उल्लेख येतो. थडी म्हणजे नदीचा काठ आणि तट्टू म्हणजे लहान चणीचा, काटक घोडा. आता अहिल्यानगर जिल्ह्याचा नकाशा उघडा. त्याच्या दक्षिण भागात आपला श्रीगोंदा तालुका दिसेल आणि तालुक्याच्या सीमेवरून वाहणारी भीमा नदीही दिसेल. म्हणजे ज्या घोड्यांचे नाव आपण गातो, ते घोडे आपल्याच मुलखातले! कर्नाल येथील राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरोने २०२४ साली भीमथडी ही घोड्याची स्वतंत्र जात म्हणून नोंदवली आहे.

एकदा मी वर्गात विचारले, “घोडा दिवसाला किती पाणी पितो?” दोन-तीन हात वर झाले. कोणाच्या घरी लग्नाच्या वरातीचा घोडा होता, कोणाचे आजोबा टांगा हाकत असत. मी म्हणालो, “शाब्बास! आता मराठीतून सांगा.” लगेच सगळे हात खाली आले. माहिती होती, पण चारचौघांत मराठी बोलण्याची भीती वाटत होती. ही भीती घालवण्याचा एक चांगला उपाय आहे. घोड्याविषयी प्रात्यक्षिक आणि वक्तृत्व स्पर्धा भरवायची. ती कशी भरवावी, हे या पाठात पाहू.

अशा स्पर्धा अमेरिकेत नेहमी होतात. तेथे १९०२ च्या सुमारास ग्रामीण मुलांची मंडळे सुरू झाली. पुढे त्यांना ‘फोर-एच’ हे नाव मिळाले. डोके, हृदय, हात आणि आरोग्य या चार शब्दांच्या इंग्रजी रूपांची सुरुवात ‘एच’ या अक्षराने होते, म्हणून हे नाव. करून शिकावे, हे या मंडळांचे सूत्र. त्यांच्या घोड्यांच्या उपक्रमात स्वारीच्या शर्यती तर असतातच. पण ज्या मुलाकडे घोडा नाही त्यालाही भाग घेता यावा म्हणून प्रात्यक्षिक आणि भाषण हे दोन प्रकार ठेवलेले आहेत. आपल्याला हीच गोष्ट उपयोगी पडेल, कारण आपल्यापैकी फारच थोड्यांच्या दारात घोडा बांधलेला आहे.

प्रात्यक्षिक आणि भाषण यांतला फरक आधी नीट समजून घ्या. भाषणात तुम्ही केवळ बोलता. हातात वस्तू नसते. प्रात्यक्षिकात तुम्ही एखादी कृती करून दाखवता आणि करता करता ती समजावून सांगता. ‘घोड्याचे महत्त्व’ हा प्रात्यक्षिकाचा विषय होऊ शकत नाही, कारण महत्त्व हातांनी करून दाखवता येत नाही. ‘घोडा कसा बांधावा’ हा मात्र उत्तम विषय आहे, आणि त्यासाठी खरा घोडासुद्धा लागत नाही.

हेच उदाहरण घेऊ. एक बाक, त्याला पक्की बसवलेली लोखंडी कडी आणि दोन-अडीच मीटर जाड दोरी एवढेच सामान पुरे. प्रथम सांगा की घोडा नेहमी म्होरकीच्या दोरीने बांधावा, लगामाने कधीही बांधू नये. घोड्याने हिसका दिला तर लगामाची तोंडातली लोखंडी दांडी त्याच्या जबड्याला इजा करते. मग सांगा की दोरी कशालाही बांधून चालत नाही. दार, हातगाडी, सैल खुंटा हे सगळे घोडा ओढून नेऊ शकतो, आणि मागून काहीतरी खडखडत येत आहे असे पाहून तो आणखीच उधळतो. गाठ साधारण घोड्याच्या पाठीच्या उंचीवर हवी. दोरी फार लांब सोडली तर तिच्यात पाय अडकतो. म्हणून ती हातभरच सोडावी.

आता गाठ. दोरीचे मोकळे टोक कडीतून ओवा. त्याचा एक फास करा. मग त्याच टोकाची दुहेरी घडी करून ती घडी फासातून आत सरकवा आणि घोड्याकडची बाजू ओढून गाठ आवळा. घोड्याने कितीही ओढले तरी ही गाठ घट्टच होते. पण तुम्ही मोकळे टोक खेचताच ती क्षणात सुटते. घोडा घाबरून पडला, दोरीत अडकला, तर गाठ सोडायला वेळच मिळत नाही. अशा वेळी ही गाठ घोड्याचा आणि माणसाचाही जीव वाचवते. येथे प्रेक्षकांतून एका मुलाला पुढे बोलवा. त्याला दोरी जोराने ओढायला सांगा. गाठ सुटणार नाही. मग तुम्ही एका बोटाने टोक खेचा. सारा वर्ग पाहत राहील!

असे आणखी किती तरी विषय सापडतील. खरारा कोणत्या दिशेने फिरवावा? घोड्याच्या दातांवरून वयाचा अंदाज कसा करतात? घोड्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात. म्हणून त्याला आजूबाजूचे पुष्कळ दिसते, पण अगदी नाकासमोरचे आणि शेपटीमागचे दिसत नाही. मग त्याच्याजवळ कोणत्या बाजूने जावे? हे जमिनीवर खडूने आकृती काढून सहज दाखवता येते.

आमच्या वर्गात एक मुलगा होता. मराठीच्या तासाला तो मान खाली घालून बसे. त्याचे आजोबा नालबंद होते. एके दिवशी तो जुना नाल, चार खिळे आणि लाकडाचा ओंडका घेऊन आला. पहिली दोन वाक्ये अडखळली. मग त्याने खिळा ओंडक्यावर धरला, हातोडी उचलली आणि बोलू लागला, “खुराचा हा बाहेरचा भाग आपल्या नखासारखा आहे. तेथे दुखत नाही. खिळा आत गेला तर घोडा लंगडतो. म्हणून खिळा असा तिरका ठोकायचा, म्हणजे तो बाहेर निघतो.” खूर नखासारखे वाढत राहते, म्हणून सहा ते आठ आठवड्यांनी नाल काढून खूर तासावे लागते, हेही त्याने सांगितले. आम्ही सगळे गप्प बसून ऐकत होतो. हातांना काम मिळाले की जीभ मोकळी होते, हे मला त्या दिवशी कळले. तेव्हापासून ज्याला बोलण्याची भीती वाटते, त्याला मी आधी प्रात्यक्षिक करायला सांगतो आणि भाषण पुढच्या वर्षासाठी ठेवतो.

भाषेची भीती किती अनाठायी आहे, ते पाहा. लगाम, जीन, रिकीब, नाल, चाबूक, तबेला, स्वार हे शब्द तुम्ही उर्दूत ऐकलेले आहेत. मराठीतही हेच शब्द आहेत. फारसी-अरबीतून आलेले हे शब्द मराठ्यांच्या पागांमध्ये वर्षानुवर्षे वापरले गेले आणि मराठीच झाले. उर्दूतली ‘रकाब’ मराठीत ‘रिकीब’ झाली, ‘अयाल’ची ‘आयाळ’ झाली. अर्धे शब्द तुमच्या खिशात आधीपासूनच आहेत! मात्र दोन ठिकाणी जपा. उर्दूत लगाम स्त्रीलिंगी आहे, मराठीत तो पुल्लिंगी आहे. ‘लगाम लावला’ असे म्हणावे. आणि उर्दूत नसलेले नपुंसकलिंग मराठीत आहे. तो घोडा, ती घोडी, पण ते शिंगरू. मी स्वतः उर्दू माध्यमात शिकलो. पहिल्यांदा मराठीत भाषण करताना ‘शिंगरू आला’ असे म्हणालो आणि सभागृहात हशा पिकला. पुढची चार वाक्ये मी विसरलो. म्हणून आपल्या स्पर्धेचा एक नियम आधीच जाहीर करा : लिंगाची किंवा ‘ळ’च्या उच्चाराची चूक झाली तर गुण कापले जाणार नाहीत, आणि हसणाऱ्या प्रेक्षकाला बाहेर जावे लागेल. याच श्रीगोंद्यात सतराव्या शतकात संत शेख महंमद होऊन गेले. त्यांनी ‘योगसंग्राम’ हा ग्रंथ मराठीत लिहिला. तेव्हा आपल्यासारख्यांनी येथे मराठी बोलणे ही काही नवलाची गोष्ट नाही.

आता भाषणाचे विषय. ते आपल्या आसपास पुष्कळ आहेत. भीमेकाठचे पेडगाव आपल्याच तालुक्यात आहे. तेथील किल्ल्याला बहादूरगड म्हणतात. १६७४ च्या जुलै महिन्यात तेथे मोगल सरदार बहादूरखानाची छावणी होती. शिवाजी महाराजांच्या सुमारे दोन हजार घोडेस्वारांच्या तुकडीने खानाला हुलकावणी देत छावणीपासून दूर नेले. तेवढ्यात सुमारे सात हजारांची दुसरी फौज मोकळ्या छावणीवर आली. बादशहासाठी राखून ठेवलेले दोनशे उमदे घोडे आणि मोठा खजिना मराठ्यांच्या हाती लागला. ‘पेडगावची दौड’ या विषयावर पाच मिनिटे सहज बोलता येईल. दुसरा विषय शिलेदार आणि बारगीर यांचा. ज्याचा घोडा स्वतःचा तो शिलेदार. ज्याला सरकारी घोडा मिळे तो बारगीर. घोडा मेला तर नुकसान कोणाचे, एवढा एकच प्रश्न घेतला तरी जुन्या फौजेची व्यवस्था उलगडते.

आजच्या काळातलाही एक विषय आहे, आणि तो अवघड आहे. मुंबईत हौसेने फिरण्यासाठी घोडागाड्या असत. जून २०१५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्या बेकायदेशीर ठरवल्या. घोड्यांना डांबरी रस्त्यावर उन्हात उभे राहावे लागे, त्यांचे तबेले वाईट होते, ही एक बाजू. त्या गाड्यांवर अनेक कुटुंबांची भाकरी अवलंबून होती, ही दुसरी. तुम्ही कोणतीही बाजू घ्या. परंतु दुसरी बाजू ऐकलीच नाही असे बोलू नका.

भाषणाच्या सुरुवातीबद्दल एक सूचना. “सन्माननीय अध्यक्ष महोदय, परीक्षक, गुरुजनवर्ग आणि माझ्या बालमित्रांनो” हे म्हणण्यात अर्धा मिनिट जातो. एक छोटे संबोधन पुरे. लगेच घोड्याकडे वळा. दुसऱ्याने लिहून दिलेले भाषण पाठ करू नका. असे भाषण एक शब्द विसरताच थांबते, आणि परीक्षकांनाही ते दुसऱ्या मिनिटाला ओळखू येते. एका कागदावर पाच-सहा शब्द लिहा आणि त्यांच्या आधाराने बोला.

स्पर्धेची तयारी महिनाभर आधी सुरू करावी. मुख्याध्यापकांची परवानगी घ्या. सूचना उर्दू आणि मराठी अशा दोन्ही भाषांत लिहून फलकावर लावा. तीन परीक्षक हवेत. पशुवैद्यकीय दवाखान्यातील डॉक्टर माहिती बरोबर आहे की नाही ते पाहतील. मराठीचे शिक्षक बोलण्याकडे लक्ष देतील. तिसरे परीक्षक म्हणून गावातल्या एखाद्या वृद्ध टांगेवाल्या चाचांना किंवा घोडा पाळणाऱ्या काकांना बोलवा, आणि त्यांची खुर्ची डॉक्टरांच्या शेजारीच ठेवा. प्रात्यक्षिकाला आठ मिनिटे, भाषणाला पाच. शेवटचा एक मिनिट उरला की पहिली घंटा, वेळ संपली की दुसरी. शंभरपैकी चाळीस गुण अचूक माहितीला, तीस मांडणीला, वीस बोलण्याला आणि दहा प्रश्नोत्तरांना द्यावेत. परीक्षकांचा प्रश्न आधी मोठ्याने पुन्हा म्हणावा, म्हणजे सर्वांना ऐकू येतो आणि विचार करायला थोडा वेळही मिळतो. उत्तर येत नसेल तर ‘मला माहीत नाही’ असे सरळ म्हणावे. याचे गुण जात नाहीत. खोटे उत्तर ठोकून देण्याचे मात्र जातात.

शेवटी एखादा खरा घोडा आणला तर मुलांना आनंद होईल. पण त्याची जबाबदारी मोठी आहे. वरातीला सरावलेला, शांत स्वभावाचा एकच घोडा आणावा आणि त्याचा मालक सतत त्याच्याजवळ असावा. त्याला झाडाच्या सावलीत उभे करावे. घोडा दिवसाला पंचवीस ते पंचेचाळीस लीटर पाणी पितो; तेव्हा एक तांब्या पुढे करून भागणार नाही, मोठी बादली भरून ठेवावी. प्रेमाने कोणी लाडू, जिलेबी, शिळी पोळी भरवू पाहील. त्याला अडवा. घोड्याला उलटी होत नाही. पोटात गेलेले चुकीचे अन्न बाहेर टाकता येत नाही आणि पोटशुळाने तो मरूही शकतो. मुलांनी चार-पाच मीटर दूर, दोरीच्या अलीकडे बसावे. घोड्याच्या मागून कोणीही जाऊ नये.

बक्षीस समारंभात टाळ्या होतात, बाके सरकतात, कोणीतरी ढोलही आणतो. म्हणून निकाल जाहीर करण्यापूर्वी घोड्याला पाणी पाजून, मालकाचे आभार मानून घरी पाठवावे. तो फाटकाबाहेर दूर गेला की मग पहिले नाव पुकारावे.