मुलाला कॅथलिक क्लासिकल शाळेत घालताय? आधी हे समजून घ्या

अमेरिकेत अनेक कॅथलिक शाळा आता स्वतःला ‘क्लासिकल’ म्हणवतात. तिथल्या मराठी पालकांना वाटतं, ही आपल्याकडच्या कॉन्व्हेंटसारखीच शाळा. पण फरक मोठा आहे.

शिकवतात काय?
व्याकरण, तर्क आणि वक्तृत्व या तीन पायऱ्यांवर अभ्यास बेतलेला असतो. आधी पाठांतर, मग युक्तिवाद, शेवटी स्वतःची मांडणी. जोडीला लॅटिन आणि जुन्या ग्रंथांचं वाचन. मेरीलँडमधील हायट्सव्हिलच्या सेंट जेरोम अकॅडमीने २०१० मध्ये ही पद्धत स्वीकारली.

धर्म किती?
तो एका तासापुरता नसतो. इतिहास, साहित्यही श्रद्धेच्या चौकटीत शिकवलं जातं. अन्य धर्मीयांना सहसा प्रवेश मिळतो. मात्र मुलांना मिस्सेला बसावं लागतं. कम्युनियन अन्य धर्मीयांना दिलं जात नाही.

मुलाला वेगळी मदत लागते?
इथेच पालक फसतात. सरकारी शाळेत विशेष गरजा असलेल्या मुलाला वैयक्तिक शिक्षण आराखड्याचा कायदेशीर हक्क असतो. पालकांनी स्वतःहून खासगी शाळा निवडली, तर तो हक्क तसाच मिळत नाही. शाळा काय मदत देईल, हे लेखी घ्या.

कॉलेजचं काय?
‘क्लासिक लर्निंग टेस्ट’चे गुण फ्लोरिडाच्या सरकारी विद्यापीठांत २०२३ पासून चालतात. इतरत्र चालतीलच असं नाही. सॅटची तयारी होते का, ते विचारा.

फी भरण्याआधी एक दिवस वर्गात बसून पाहण्याची परवानगी मागा. माहितीपत्रकापेक्षा तिथे जास्त कळेल.