ना सरकारचा, ना धड संस्थेचा

"ते निळ्या कव्हरचं पुस्तक आहे का हो? मागे आमच्या हिने नेलं होतं बघा." तालुक्याच्या गावातल्या ग्रंथपालाला हा प्रश्न नवा नाही. तो विचारतो, जाड होतं का, जंगलाबिंगलातलं होतं का, वहिनींनी एका बैठकीत संपवलं होतं का. मग तिसऱ्या कपाटातून नेमकं तेच काढून पुढ्यात ठेवतो. संगणकाला 'निळं' सांगून काही हाती लागत नाही. अशी निम्मी यादी ग्रंथपालाच्या डोक्यातच असते. हे कसब मात्र कुठल्याही तपासणीत मोजलं जात नाही. वर्षाच्या तपासणीला साहेब येतात तेव्हा दाखल नोंदवही, ग्रंथसंख्या, सभासद, वर्तमानपत्रं आणि पावत्या पाहतात.

मूळ गोम व्यवस्थेत आहे. महाराष्ट्रातली बहुतेक सार्वजनिक ग्रंथालयं सरकारी नाहीत. 1967 च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय कायद्यानुसार ग्रंथालय चालवते एखादी संस्था. सरकार तिला मान्यता देतं, अ, ब, क, ड असा वर्ग ठरवतं आणि त्याप्रमाणे परिरक्षण अनुदान देतं. या रचनेमागे मोठी परंपरा आहे. रत्नागिरीचं नगर वाचनालय 1828 सालचं, म्हणजे सरकारच्या आधी लोकांनीच पुस्तकं गोळा केली. पण तमिळनाडूत 1948 च्या कायद्यापासून मालमत्ता कराबरोबर ग्रंथालय उपकर गोळा होतो. आपल्या कायद्यात उपकराची तरतूदच नाही. त्यामुळे दरवर्षी अर्थसंकल्पाकडे डोळे लावून बसायचं आणि हप्ता येईपर्यंत उधारी सांभाळायची. ग्रंथपालाला नियम सरकारचे लागू होतात; त्याची नोकरी मात्र संस्थेची. पगारवाढ मागितली की कार्यवाह सरकारकडे बोट दाखवतात आणि सरकार संस्थेकडे.

पगाराचा हिशेब एकदा करून पाहावा. ड वर्गाच्या ग्रंथालयाला वर्षाला 30 हजार रुपये मिळत. त्यातले निम्मे वेतनावर आणि निम्मे पुस्तकं, वर्तमानपत्रं, वीज, भाडं यांवर. म्हणजे ग्रंथपालाच्या हातात महिन्याला साडेबाराशे. 2022 साली मंत्रिमंडळाने 60 टक्के वाढ मंजूर केली, तेव्हा हा आकडा दोन हजारांवर गेला. एवढ्या पैशात कुणाचं घर चालतं? त्यात 2012 सालच्या पडताळणीनंतर नवी मान्यता आणि दर्जावाढ कित्येक वर्षं थांबली. नुसत्या कागदावर चालणारी ग्रंथालयं त्या पडताळणीत उघडी पडली, ते बरंच झालं. पण प्रामाणिकपणे पुस्तकं वाढवणारेही जिथल्या तिथे अडकले. ड वर्गात माणूस एकच असतो. कुलूप तोच उघडतो, झाडतो, शिक्के मारतो, वाळवी बघतो आणि वर्गणीसाठी दारोदार तोच फिरतो.

आता वाचकही बदललेत. सकाळी दार उघडायच्या आधी स्पर्धा परीक्षेची मुलं पायरीवर येऊन बसलेली असतात. त्यांना पुस्तक नको असतं. खुर्ची, पंखा आणि मोबाइलचं चार्जिंग हवं असतं. पुस्तकं त्यांची स्वतःचीच. दहा वाजता निवृत्त मंडळी येतात, त्यांना वर्तमानपत्राबरोबर गप्पाही हव्या. मुलं चिडतात, आजोबा रुसतात, आणि मधल्या मधे ग्रंथपालाचं मरण. त्यातच नोकरीची जाहिरात कुणीतरी ब्लेडने कापून नेलेली असते आणि तिच्या पाठीमागचं शब्दकोडं गेलं म्हणून तक्रार वेगळीच. मला विचाराल तर मुलांच्या बाजूने झुकावं. वाचनालय रिकामं राहण्यापेक्षा गजबजलेलं बरं.

जुन्या वाचकांची एक खूण मोठी मजेची. आपण हे वाचलंय का, ते लक्षात राहावं म्हणून काही जण ठरावीक पानाच्या कोपऱ्यात पेन्सिलीने बारीकसं अक्षर काढून ठेवतात. पुस्तक विद्रूप होतं म्हणून रागवावं, तर वाचक तुटतो. चाणाक्ष ग्रंथपाल या खुणा ओळखायला शिकतो आणि पुस्तक देण्याआधीच सांगतो, "काकू, हे तुमचं झालंय."

पण ही ओळख जपायला फार सांभाळून राहावं लागतं. देवघेवीच्या उघड्या रजिस्टरात कुणीही डोकावतो. घटस्फोटाच्या कायद्यावरचं पुस्तक कुणाच्या सुनेने नेलं, व्यसनमुक्तीचं कुणाच्या मुलाने, हे गावात तासाभरात पसरू शकतं. अशी पुस्तकं तिथेच बसून वाचू देणं, नोंदीचं पान मिटून ठेवणं, वडील चौकशीला आले की "नक्की आठवत नाही बुवा" म्हणणं, हे त्याला कुणी शिकवलेलं नसतं. ग्रंथालयशास्त्राच्या अभ्यासक्रमात वर्गीकरण आणि तालिकीकरण तपशीलवार शिकवतात. चौकशीला आलेल्या वडिलांशी कसं बोलावं, ते नाही. तपासणीच्या तक्त्यातही त्याला रकाना नाही. आणि ज्याला दुपारनंतर पोटासाठी दुसरीकडे हिशेब लिहायला जावं लागतं, त्या ग्रंथपालाने हेही सांभाळावं, अशी आपली अपेक्षा असते.