चक्रीवादळाने माड पडल्यावर : फिलिपाईन्समधील अनुभव

भात आडवे झाले तर एक हंगाम जातो. माड पडला तर बागायतदाराचे भांडवलच जाते. हा फरक समजून घेण्यासाठी फिलिपाईन्समधील हैयान वादळाचे उदाहरण पाहण्याजोगे आहे.

दि. ८ नोव्हेंबर २०१३ रोजी पहाटे हे वादळ समार बेटावरील गिवान येथे किनाऱ्यास धडकले. वाऱ्याचा वेग ताशी ३०० कि.मी. च्या आसपास होता. देशभरात सहा हजारांहून अधिक माणसे दगावली. समार व लेयटे ही बेटे तत्पूर्वीही त्या देशातील गरीब भागांत मोडत होती आणि तेथील खेड्यांचे रोख उत्पन्न मुख्यत्वे खोबऱ्यावर चाले. सुमारे ३ कोटी ३० लाख माड पडले किंवा जायबंदी झाले.

भातशेतकऱ्यास बियाणे व खत वेळेवर मिळाले, की डिसेंबर-जानेवारीत लागवड करून तो पुढील चार महिन्यांत सावरू शकत होता. माडाचे तसे नाही. उंच जातीचे रोप लावल्यापासून फळावर येण्यास सहा ते आठ वर्षे लागतात. जे माड उभे राहिले त्यांचेही उत्पन्न बुडते, कारण पोय उमलल्यापासून नारळ पक्व होण्यास जवळजवळ एक वर्ष लागते. शिवाय झावळ्या मोडलेला माड अन्न कमी तयार करतो व कोवळी फळे गाळतो. म्हणजे उभ्या बागेतही वर्ष-दीड वर्ष हातात पैसा नाही!

सर्वांत मोठी झळ कुळांना व मजुरांना बसली. नारळ काढणारे, सोलणारे, खोबरे वाळविणारे, वाहतूक करणारे अशा सर्वांचे काम एकदमच थांबले. ज्या व्यापाऱ्याला खोबरे घालायचे त्याच्याकडूनच उचल घेण्याची तेथील रीत. खोबरे नाही म्हटल्यावर उचल फिटणार कशी? शिवाय माड मालकाचा, त्यामुळे ओंडक्याचा पैसा कोणाचा आणि नवे रोप कोणाच्या मर्जीने लावायचे, हाही प्रश्न होताच. माझ्या मते केवळ झाडांची संख्या मोजून केलेल्या पंचनाम्यात हा वर्ग दिसतच नाही.

पडलेल्या खोडांनी आणखी एक संकट आणले. कुजणाऱ्या ओंडक्यात गेंड्या भुंगा अंडी घालतो व नंतर वाचलेल्या माडांचे कोंब पोखरतो. म्हणून यांत्रिक करवती पुरवून ओंडके कापण्यात आले व ते लाकूड घरे उभारण्यास वापरले गेले. मोकळ्या झालेल्या बागेत मका, भाजीपाला अशी लवकर येणारी पिके घेण्यास उत्तेजन देण्यात आले. उन्हाची तिरीप जमिनीपर्यंत पोहोचू लागल्याने हे शक्य झाले, एवढाच काय तो फायदा.

आपल्याकडे दि. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात श्रीवर्धन, दिवेआगर परिसरातील माड-पोफळीच्या बागांची अशीच दैना झाली. अशा वेळी बागायतदार बंधूंनी पंचनामा होताच पडलेली खोडे प्रथम बागेबाहेर काढावीत. शेणखताच्या खड्ड्यात भुंग्याच्या अळ्या आढळल्यास त्यावर मेटारायझियम बुरशीचा वापर करावा. नवीन लागवडीत सर्व रोपे बाणवलीची न लावता काही संकरित रोपे लावावीत. ती चार-पाच वर्षांत फळावर येतात. तोपर्यंत मधल्या जागेत केळी, सुरण व हळद घेता येते.